नसलेली भिंत, न छेडलेला गंधार

१९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जेम्स टरेल या अमेरिकी कलावंताचं प्रदर्शन भरलं होतं. एका दालनात मंद उजळलेली भिंत दिसायची. काही प्रेक्षक तिला टेकायला गेले आणि आपटले, कारण तिथे भिंत नव्हतीच. होता तो नुसता एकसारखा पसरलेला प्रकाश, आणि त्याच्या मागे रिकामी जागा. पडलेल्यांना दुखापत झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कलाकृती न आवडल्याच्या तक्रारी जगात पुष्कळ असतील, पण ती टेकल्यावर तिथे नव्हती, ही तक्रार विरळाच.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या जिथेतिथे दिसणारा ‘इमर्सिव्ह’, म्हणजे पाहणाऱ्याला आत ओढून घेणारा, हा शब्द. मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचे भिंतभर शो होऊन गेले. पणजीत डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवात लोक प्रकाश-ध्वनीच्या खोल्यांतून फिरून येतात. परदेशी गेलेले नातेवाईक अंधाऱ्या, जांभळ्या, आरशांच्या खोल्यांतले फोटो पाठवतात. आणि आपण विचारतो, ‘हे नेमकं आहे काय? दिवे लावलेत, आवाज सोडलाय, धूर केलाय. यात कला कुठे आणि सायन्स कुठे?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आपल्या डोळ्या-कानांपासून सुरू करावं लागतं.

आधी दोन जाती वेगळ्या करू

चित्र भिंतीवर टांगतात, शिल्प चौथऱ्यावर ठेवतात. मांडणशिल्पात, म्हणजे इन्स्टॉलेशनमध्ये, खोली हीच कलाकृती असते आणि पाहणारा तिच्या पोटात उभा असतो. प्रकाश, आवाज, धुकं, आरसे, तापमान, सगळं तिचं साहित्य. एवढी एक व्याख्या पुरे.

या खोल्यांच्या ढोबळ दोन जाती आहेत. पहिल्या जातीत डझनावारी प्रोजेक्टर लावून भिंती-जमिनीवर हलती चित्रं सोडतात, सोबत दणदणीत संगीत. सूर्यफुलं पायाखालून वाहतात, तारे डोक्यावर गरगरतात. हा सिनेमाचाच मोठा भाऊ. त्याला नाकं मुरडायचं कारण नाही, लहान मुलं तर खुलतात. पण तिथे तुमच्या डोळ्यांना रोजचंच काम असतं, फक्त पडदा मोठा.

दुसरी जात उलट्या दिशेने जाते. ती तुमच्याकडून काहीतरी काढून घेते. रंग काढून घेते, कडा काढून घेते, कधी चक्क डोळे मिटायला लावते. बाहेरून येणारी माहिती इतकी कमी झाली की डोळा, कान आणि मेंदू एरवी गुपचूप जी कामं करतात ती उघडी पडतात. टरेलची भिंत याच जातीतली. आपण या जातीबद्दल बोलू, कारण भौतिकशास्त्राचा खरा संबंध इथे येतो.

लंडनमधला सूर्य

ऑक्टोबर २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात ओलाफुर एलियासन या डॅनिश-आइसलँडिक कलावंताने ‘द वेदर प्रोजेक्ट’ उभं केलं. टेट मॉडर्न हे मुळात वीजनिर्मिती केंद्र. त्यातलं टर्बाइनचं अवाढव्य दालन, सुमारे १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच, एलियासनला मिळालं होतं. त्याने टोकाच्या भिंतीवर अर्धगोल पडदा लावला आणि त्यामागे सुमारे २०० दिवे. छताला आरसे ठोकले, त्यामुळे अर्ध्या गोलाचा पूर्ण सूर्य झाला आणि दालनाची उंची दुप्पट भासू लागली. हवेत यंत्राने हलकं धुकं सोडलं. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांहून जास्त माणसं तिथे येऊन गेली. कित्येक जण फरशीवर उताणे पडून छतातल्या आरशात स्वतःला शोधत, हातपाय हलवून ‘तो मी’ अशी खात्री करत.

आता त्या दिव्यांकडे बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. ते होते कमी दाबाचे सोडियम दिवे. प्रकाश ही लाट आहे आणि दोन लाटांमधल्या अंतराला तरंगलांबी म्हणतात. आपल्याला जो रंग दिसतो तो मुख्यतः या तरंगलांबीवर ठरतो. सूर्यप्रकाशात सगळ्या तरंगलांब्या मिसळलेल्या असतात. या सोडियम दिव्यातून मात्र जवळपास एकच बाहेर पडते, ५८९ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या ५८९ पट. पिवळा, आणि पिवळ्याखेरीज काही नाही.

आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांना शंकुपेशी म्हणतात. एक प्रकार आखूड तरंगलांबीला जास्त दाद देतो, दुसरा मध्यम, तिसरा लांब. यातली एकटी पेशी रंग सांगू शकत नाही. तिला फक्त ‘किती उजेड’ एवढंच कळतं. तिघींची दाद शेजारी ठेवून मेंदू हिशेब करतो आणि त्या हिशेबालाच आपण रंग म्हणतो.

आता पिवळ्या दालनात लाल शर्टवाला आणि निळ्या साडीतली बाई शेजारी उभी आहेत असं समजा. शर्टवरून येणारा प्रकाश ५८९ चाच, साडीवरूनही ५८९ चाच. फरक इतकाच की शर्ट तो जास्त परत पाठवतो आणि साडी कमी. तिन्ही पेशींच्या दादेचं प्रमाण सगळीकडे एकच राहतं, त्यामुळे हिशेबाला कच्चा मालच उरत नाही. दिसतं ते फक्त उजळ आणि काळं, सगळ्यांवर एकच पिवळी छटा. माणसं जुन्या फोटोतल्यासारखी दिसतात. रंग कपड्यात असतो असं आपण आयुष्यभर धरून चालतो. कपडा तोच, डोळा तोच, दिवा बदलला आणि रंग गायब.

आपल्या रस्त्यांवर एलईडी यायच्या आधी जे नारिंगी-पिवळे दिवे होते ते जास्त दाबाचे सोडियम व्हेपर. त्यांत इतर रंगांची थोडी भेसळ असते. म्हणून रात्री पार्किंगमध्ये आपली गाडी भलत्याच रंगाची दिसायची, पण रंग अगदीच नाहीसे होत नसत. एलियासनने भेसळ काढून टाकली, एवढाच फरक. बाहेर पडल्यावर काही क्षण साधा पांढरा उजेड निळसर वाटतो तो याचाच परिणाम. पिवळ्याला सरावून पेशी थकलेल्या असतात आणि मेंदूचा हिशेब दुसऱ्या बाजूला कलतो.

काहीच नसेल तर डोळा काय करतो?

टरेलकडे परत येऊ. हा माणूस १९४३ सालचा, पोमोना कॉलेजात मानसशास्त्र शिकलेला आणि कोवळ्या वयापासून विमान चालवणारा. ढगात शिरलेल्या वैमानिकाला वर-खाली कळेनासं होतं. १९६८-६९ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयाने कलावंत आणि कंपन्या यांच्या जोड्या लावण्याचा उपक्रम केला. त्यात टरेल, रॉबर्ट अर्विन हा दुसरा कलावंत आणि अंतराळ मोहिमांसाठी काम करणारा मानसशास्त्रज्ञ एड वर्ट्झ एकत्र आले. आवाज पूर्ण शोषून घेणाऱ्या खोलीत बसणं, एकसारख्या प्रकाशात डोळे उघडे ठेवणं, असले उद्योग त्यांनी मनसोक्त केले.

एकसारख्या प्रकाशाच्या त्या प्रकाराला गान्झफेल्ड म्हणतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग मेट्झगर यांनी १९३० च्या दशकात त्याचा अभ्यास केला होता. नजरेच्या पूर्ण टापूत एकच रंग, एकच उजेड, कुठे कड नाही, सावली नाही, कोपरा नाही. पावसाळ्यात आंबोली घाटात गाडी थांबवून दाट धुक्यात उभं राहिलात तर जवळपास तेच. टरेल खोलीचे कोपरे गोलाईने मिटवून, दिवे लपवून हे धुकं कोरडं आणि रंगीत करतो.

अशा खोलीत काही मिनिटांत विचित्र गोष्टी घडतात. रंग विटतो, करडा होतो. समोरची पोकळी कधी नाकाशी आल्यासारखी तर कधी मैलभर लांब वाटते. काहींना ठिपके, जाळ्या दिसू लागतात.

असं का होतं? दृष्टिपटलाकडून मेंदूकडे जाणारी खबर तलाठ्याकडच्या फेरफार नोंदीसारखी असते. जमीन आहे तशीच कसली जातेय तोवर वहीत काही चढत नाही. विक्री झाली, वाटणी झाली, वारस लागला, की नोंद. डोळ्याच्या चेतापेशीही बदलाचीच नोंद पाठवतात: इथे उजेड संपून काळोख लागला, इथे काहीतरी हललं. न बदलणाऱ्या गोष्टीची नोंदच होत नाही. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्याने १८०४ मध्येच हे टिपलं होतं की नजर एका बिंदूवर घट्ट रोखली की कडेच्या वस्तू हळूहळू विरून जातात. १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत याची पक्की परीक्षा झाली. डोळ्यावर बसवलेल्या भिंगाच्या साह्याने चित्र डोळ्याबरोबरच हलेल अशी सोय केली, आणि काही सेकंदांतच ते दिसेनासं झालं. एरवी असं होत नाही कारण डोळा कधीच स्वस्थ नसतो. आपण टक लावून पाहत असतो तेव्हाही तो बारीक थरथरत असतो आणि त्या थरथरीने कडा सतत नव्या होत राहतात.

पुरावा प्रत्येकाच्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या समोर असतात, त्यांच्या सावल्या सतत पेशींवर पडतात. त्या आपल्याला कधीच दिसत नाहीत, कारण त्या डोळ्याबरोबरच हलतात. त्या सावल्यांचा फेरफार कधी होतच नाही.

गान्झफेल्डमध्ये कडाच नाहीत. डोळा कितीही थरथरला तरी नोंदवायला काही नाही. आणि नोंद आली नाही म्हणून मेंदू गप्प बसत नाही. तो स्वतःच्या आतल्या खळबळीलाच बाहेरचं दृश्य समजून चित्र पुरं करतो. व्हिटनीतल्या माणसांनी जी भिंत पाहिली ती अशीच मेंदूने पुरवलेली. उजळ, सपाट, खाचखळगे नसलेलं काही दिसलं तर ते भिंत असण्याचीच शक्यता जास्त, हा मेंदूचा अंदाज रोजच्या जगात शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर येतो.

उलटा प्रकारही आहे. मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या अनिश कपूर यांच्या ‘डिसेंट इनटू लिम्बो’ या कलाकृतीत जमिनीत अडीच मीटर खोल खड्डा आहे. आतून गडद रंगवल्यामुळे तो जमिनीवर रंगवलेल्या सपाट काळ्या वर्तुळासारखा दिसतो. खोली समजायला छायाभेद लागतो, आणि आतून प्रकाशच परत येत नसेल तर छाया कुठली? २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्यात खरोखर पडला. सुदैवाने बचावला. इथे खड्ड्याची जमीन दिसली, तिथे पोकळीची भिंत.

आवाजाला जागा असते

आता कानाकडे. इथे गोष्ट न्यूयॉर्कहून सुरू होऊन थेट मिरजेपर्यंत येते.

मॅनहॅटनच्या चर्च स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीत १९९३ पासून ‘ड्रीम हाऊस’ नावाची जागा आहे. संगीतकार ला माँट यंग आणि प्रकाशाचं काम करणाऱ्या मरियन झझीला या जोडप्याने ती केली. बूट दाराशी काढून आत जायचं. जांभळट-गुलाबी उजेड आणि मोठमोठ्या स्पीकरमधून अखंड चालणारे शुद्ध स्वर, सगळे एकदम, न थांबता. त्यात ना सुरावट, ना ठेका. दारात उभं राहिलं तर भलामोठा ट्रान्सफॉर्मर घुमतोय असं वाटतं.

मग मान हलवावी आणि संगीत बदलतं. डावीकडे कलला की एक स्वर उठतो, उजवीकडे कलला की तो बुडून दुसरा वर येतो. चालायला लागलं की जणू कोणीतरी वाजवतंय. अगदी स्तब्ध राहिलं की तेही स्तब्ध.

कारण साधं आहे. आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची लाट, खोलीत तिचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. सेकंदाला १००० कंपनं असलेला स्वर घेतला तर त्याची एक लाट ३४ सेंटीमीटरची. ती भिंतीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. काही ठिकाणी दोघी एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. स्वर अखंड चालू असेल तर या जागा हलत नाहीत, खोलीत ठरून बसतात. याला स्थिर तरंग म्हणतात. आपल्या उदाहरणात आवाज मेलेल्या दोन जागांमधलं अंतर १७ सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका कानापासून दुसऱ्या कानाएवढं. डोकं अर्धी वीत हलवलं की एक कान भरतीतून ओहोटीत जातो. ड्रीम हाऊसमध्ये असे कितीतरी स्वर एकाच वेळी असल्याने खोलीचा प्रत्येक बिंदू वेगळा वाजतो.

हे घरी करून बघता येतं. फोनवर स्वर काढणारं फुकट ॲप मिळतं, त्यात १००० हर्ट्झ लावा, म्हणजे सेकंदाला १००० कंपनं. फोन एका जागी ठेवा, एक कान बोटाने बंद करा आणि डोकं हळूहळू पुढे-मागे न्या. टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये जास्त चांगलं कळतं, पडदे-गाद्यांच्या खोलीत कमी, कारण तिथे लाट परत येण्याऐवजी कापडात जिरते. घरच्यांनी विचारलं तर हा लेख दाखवा.

मिरजेचा संबंध असा. यंग आणि झझीला १९७० मध्ये पंडित प्राणनाथ यांचे गंडाबंध शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. या घराण्याचे दुसरे थोर आधारस्तंभ उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि महाराष्ट्रात भीमसेन जोशींच्या गळ्यातून हे घराणं घरोघरी पोचलं. किराण्याची ओळखच एकेका स्वराचा ठाव घेण्याची. सूर लागेपर्यंत तंबोरा जुळवत बसण्याची यंग यांची चिकाटी याच तालमीतली. ड्रीम हाऊसला पाश्चात्त्य समीक्षक ‘मिनिमल’ वगैरे म्हणतात. ज्याने कधी गाण्याच्या बैठकीत तंबोऱ्यांच्या मधोमध बसून पाहिलंय त्याला ती खोली तेवढी परकी वाटू नये.

तंबोऱ्यात तर आणखी एक चमत्कार आहे. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज, एवढंच छेडलं जातं. तरी तंबोरा नीट जुळला की त्यातून गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कोणी छेडलेला नसतो, तरी तो खरोखर हवेत असतो. तार सबंध हलते तशीच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही एकाच वेळी हलते, आणि पाच भागांतलं कंपन म्हणजे गंधार. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की हे वरचे स्वर उठून दिसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. तार विशिष्ट जागी छेडली तर पुस्तकी नियमाप्रमाणे जे उपस्वर यायला नकोत तेही तंबोऱ्यात येतात, आणि याला कारण त्याची रुंद, किंचित गोलाईची घोडी, हे त्यांनी दाखवलं. मिरजेचे कारागीर ही गोलाई कानाने घासून काढतात.

पण एक स्वर असाही आहे जो हवेत नसतो, कानात तयार होतो. १००० आणि १२०० हर्ट्झचे दोन शुद्ध, मोठे स्वर एकदम ऐकवले तर ८०० च्या आसपासचा तिसरा ऐकू येऊ शकतो. खोलीत त्याचा मागमूस नसतो. आतला कान नुसता ऐकत नाही, तो आलेल्या लाटांना स्वतः धक्का देऊन मोठं करतो, आणि या खटपटीत नवे स्वर जन्मतात. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानातून बाहेर येणारा आवाज चक्क मायक्रोफोनने टिपला. नवजात बाळाची ओएई नावाची श्रवणचाचणी करतात ती याच तत्त्वावर: बाळ काही सांगू शकत नाही, पण त्याचा कान उत्तर देतो. अमेरिकी संगीतकार मेरियन अमाकर यांनी आपलं कितीतरी काम याच कानात जन्मणाऱ्या स्वरांवर रचलं. ऐकणारा नसेल तर त्यांचं अर्धं संगीत अस्तित्वातच येत नाही.

डोळे मिटून बघायचं

२१ डिसेंबर १९५८. ब्रायन गायसिन हा चित्रकार फ्रान्समध्ये मार्सेच्या दिशेने बसने चालला होता. रस्त्याच्या कडेला झाडांची रांग, मावळतीचं ऊन. त्याने डोळे मिटले आणि पापण्यांच्या आत भडक रंगांची नक्षी उसळली. झाडं संपली, नक्षीही संपली. आपल्याकडेही पुलाच्या कठड्यातून किंवा फांद्यांतून ऊन चमचमत डोळ्यांवर येतं तेव्हा याची थोडी चव मिळते. नंतर इयान सॉमरव्हिल या मित्राबरोबर गायसिनने ग्रामोफोनच्या तबकडीवर भोकं पाडलेला फिरता कागदी नळा बसवला, मध्ये बल्ब, आणि त्याला नाव दिलं ‘ड्रीम मशीन’.

२०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावर परत आली. लंडन, कार्डिफ, बेलफास्ट आणि एडिनबरा इथे लोक गोलाकार दालनात आडवे होऊन डोळे मिटायचे, वरून पांढरा प्रकाश लपलपायचा आणि संगीतकार जॉन हॉपकिन्स यांचं संगीत वाजायचं. मेंदूशास्त्रज्ञ अनिल सेठ त्यात सहभागी होते. प्रकाश पांढरा, डोळे बंद, तरी लोकांना रंग, जाळ्या, बोगदे, चक्रं दिसली. शेजारी झोपलेल्याला वेगळंच दिसलं.

सेकंदाला ८ ते १३ लपलपी हा टापू यासाठी प्रभावी ठरतो. मेंदूच्या दृष्टिकेंद्रात याच वेगाची स्वतःची लय असते आणि बाहेरचा ठेका तिला हलवतो. मग बोगदे आणि चक्रंच का? १९७९ मध्ये अर्मेन्ट्राउट आणि कोवन या गणितज्ञांनी याचं सुरेख उत्तर मांडलं. डोळ्यासमोरचं गोल दृश्य मेंदूच्या पृष्ठभागावर ताणून, वेडंवाकडं उतरलेलं असतं. त्या पृष्ठभागावर साधे सरळ पट्टे उमटले तरी ‘परत’ वाचताना त्यांचे बोगदे आणि सर्पिल होतात. म्हणजे तिथे प्रेक्षकाला दिसते ती त्याच्या मेंदूच्या बांधणीची नक्षी.

इथे एक गंभीर सूचना. फिट्स येणाऱ्यांपैकी काहींना अशा लपलपीने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेच्या भागात लाल-निळा प्रकाश वेगाने चमकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. दारावरची सूचना औपचारिकता समजू नका.

‘मग ही प्रयोगशाळा झाली, कला कशी?’

सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप. त्यात तथ्य आहे: पिवळा दिवा लावून रंग घालवणं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही जमेल. फरक पडतो तो निवडींनी. एलियासनने छताला आरसा लावला नसता तर लोकांनी ‘वा’ म्हणून पाठ फिरवली असती. आरशामुळे ते आडवे झाले, अनोळखी माणसांबरोबर हातपाय जोडून आकार करू लागले. आणि त्याने दिवे, तारा, सांगाडा लपवला नाही. सूर्याच्या मागे जाऊन त्याची पाठ बघता येत होती. युक्ती माहीत असूनही परत पुढे आल्यावर सूर्यच दिसतो, हे प्रेक्षकाला कळावं हा त्याचा हट्ट. प्रयोगशाळेला निष्कर्ष हवा असतो आणि तो मिळाला की खोली बंद होते. यंग दांपत्याची खोली मात्र वर्षानुवर्षं तेच स्वर वाजवत राहिली.

‘शास्त्र कळलं की मजा जाते’ असंही म्हणतात. मला उलट वाटतं. स्वयंभू गंधाराचं गणित कळल्याने एकाही गवयाचा कान बिघडलेला नाही.

‘फिजिक्स खरं की नुसती शोभा?’

इथे मात्र मी संशयी माणसांच्या बाजूला आहे. ‘क्वांटम’, ‘कृष्णविवर’ असे शब्द पाटीवर लिहून आत निळे लेझर आणि गूढ घुमारा, असा माल बाजारात पुष्कळ आहे.

चांगल्या कामांतही प्रश्न उरतो. जपानी कलावंत र्‍योजी इकेदा २०१४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत पाहुणा कलावंत म्हणून गेले. पुढे त्यांनी ‘सुपरसिमेट्री’ केलं: काळ्या-पांढऱ्या आकड्यांचा आणि टोकदार स्वरांचा मारा. ‘सेमीकंडक्टर’ या ब्रिटिश जोडीने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला ‘हेलो’ नावाचा तारांचा मोठा गोल पिंजरा उभा केला. सर्नमधल्या कणांच्या टकरींच्या नोंदींवरून छोट्या हातोड्या त्या तारा वाजवतात. ऐकायला सुंदर कल्पना.

मी एक कसोटी लावतो. टकरींच्या जागी लासलगावच्या कांद्याचे भाव त्या यंत्रात भरले तर आत उभ्या असलेल्याला कळेल का? कळणार नसेल तर भौतिकशास्त्र पाटीवर आहे, अनुभवात नाही. ‘वेदर प्रोजेक्ट’मधला ५८९ चा प्रकाश काढून साधा पिवळा कागद लावलेले बल्ब घातले की बरेच रंग परत येतात आणि काम कोसळतं. ड्रीम हाऊसच्या भिंतींना गाद्या लावल्या की संगीत मरतं. तिथे भौतिकशास्त्र भार वाहतं. अर्थात कांद्याच्या भावांवर वाजणारा तारांचा पिंजराही सुंदर असू शकतो, पण मग त्याला कणभौतिकीचं श्रेय कशाला?

आत गेलात तर

वेळ द्या. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोन एकदा उघडला की बरीच मेहनत वाया. टरेलच्या अंधाऱ्या कामांत पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि नेमके तेव्हाच लोक बाहेर पडतात. फोटोचा सोसही इथे फारसा कामाचा नाही. कॅमेऱ्याला रंग थकत नाहीत, कडा विरत नाहीत, तिसरा स्वर ऐकू येत नाही. फोटोत येते ती रिकामी पिवळी खोली.

तिकीट महाग असेल तर आधी माहिती वाचा. नुसते प्रोजेक्टर आहेत की खोलीत तुमच्या हलण्याने, थांबण्याने काही बदलतं, एवढं कळलं तरी निवड सोपी होते.

एक काळजीची गोष्ट मात्र कलावंतांच्या हातात राहिलेली नाही. कमी दाबाचे सोडियम दिवे रस्त्यांसाठी बनत होते म्हणून स्वस्तात मिळत होते. एलईडीने रस्ते घेतले आणि त्या दिव्यांचं उत्पादन जवळपास थांबलं. पिवळा एलईडी दिसायला तसाच असला तरी त्याचा प्रकाश आजूबाजूच्या तरंगलांब्यांत पसरलेला असतो, त्यामुळे लाल शर्ट थोडासा लालच राहतो. फ्लुरोसंट ट्यूबवर काम केलेल्या डॅन फ्लेविनच्या कलाकृतींपुढे हाच प्रश्न आहे. शिल्लक दिवे साठवून ठेवायचे, नवे मुद्दाम बनवून घ्यायचे, की एलईडी लावून ‘साधारण तसंच’ म्हणायचं, यावर संग्रहालयं आता खल करत बसली आहेत.